फणसाचं पिंप

रत्नागिरी, ४ एप्रिल २०२५
सौ. जनीताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. लवूकाकांची काजूच्या बोंडांची पांढरी वाईन मी इथल्या हॉटेलातल्या स्पर्धेत ठेवतोय. जी वाईन पहिली येईल, ती हॉटेलवाले कायम विकायला ठेवणार. बाटलीवर माझं नाव छापलंय. रागावू नकोस, ‘लवू’ हे नाव वाईनवर शोभत नाही गं.

परीक्षक विचारतील, कशात मुरवली? भारी वाईन लाकडाच्या पिंपात मुरते म्हणे. काकांनी काय केलं होतं?

लोभ आहेच, तोही असाच मुरत राहो.
तुझा चुलतभाऊ,
गुरुप्रसाद

पावस, ८ एप्रिल
चि. गुरुप्रसाद यास अनेक आशीर्वाद.

रागावू कशाला? माझे आप्पाच गेले, आता त्यांच्या नावाचं काय घेऊन बसायचं! बिनधास्त सांग, फणसाच्या लाकडाच्या पिंपात सात वर्षं मुरवली. नवा सदरा घाल, फोटो निघतील.

तुझ्या यशाकडे डोळे लावून बसलेली,
जनीताई

रत्नागिरी, २१ एप्रिल
जनीताई,

नमस्कार घालत नाही. परीक्षक निघाले लांज्याचे, फणसांच्याच गावचे. घोट घेऊन डोळे मिटले, म्हणाले, मधासारखी मुरलीय, तरी बोंडाचा वास जिवंत आहे. मग मी पिंपाचं सांगितलं. त्यांनी पेला उजेडात धरला. फणसाचं लाकूड पाण्यालासुद्धा पिवळंजर्द करतं, म्हणाले, आणि हिला लाकूड शिवलेलंच नाही. ही वाईन तुम्ही केलेली नाही. सगळं हॉटेल हसलं. मला बाद केलं. मुद्दाम केलंस ना?

गुरुप्रसाद

पावस, २५ एप्रिल
चि. गुरुप्रसाद,
आशीर्वाद या वेळी राखून ठेवते.

हो, मुद्दाम. आणि फार बरं वाटलं. आप्पांची वाईन काचेच्या बरणीतच मुरायची. बोंडाला दुसऱ्याची चव उसनी नको, म्हणायचे.

त्यांच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना, आठवतं? सगळे उन्हात खोळंबलेले. तेव्हा तूच हात जोडून म्हणालास, काका, तुमची वाईन तुमच्याच नावानं लोकांपुढे आणीन. कावळा लगेच शिवला. मी रडले आणि त्यांच्या भरलेल्या बाटल्या होत्या त्या माळ्याची किल्ली तुझ्या हाती दिली.

ते परीक्षक काल, ही वाईन खरी कुणाची ते विचारत विचारत, माझ्या घरी आले होते. माझ्याजवळची शेवटची बरणी उघडली. हॉटेलात आता हीच वाईन मिळणार, ‘लवू’ नावानं. पुढची मी करीन.

तुझा लोभ तुझ्यापाशीच राहू दे. एवढंच कर, माझ्या दहाव्याला येऊ नकोस. तुला बघून कावळा शिवायचा नाही.

लवूची मुलगी,
जनी