गरम इंजिन कोणी बंद केलं

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, इंजिनांच्या कारखान्याची मालकीण, सोळा वर्षांपूर्वी विधवा झालेली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कुणाच्याही दबावाशिवाय लिहिते आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे, तसं डॉक्टरांनी तपासलं आहे. छातीतली गाठ फार दिवस देणार नाही, हेही त्यांनीच सांगितलं. माझी शाळा चौथीपर्यंत झाली. पुढचं वाचन इंजिनांच्या माहितीपुस्तकांवर झालं, तेव्हा भाषेचं सांभाळून घ्यावं.

१. राहतं घर, दागिने आणि बँकेतली ठेव माझ्या मुलीला. पुस्तकांची कपाटंही तिलाच. ती वाचणार नाही, पण रद्दीत घालू नये.

२. कारखाना, यंत्रं आणि अवजारांसकट, माझ्या धाकट्या दिराला. मुलगी चिडेल. तिच्या मते काकाने तिच्या वडिलांना मारलं. म्हणून पुढचं कलम लांब आहे.

३. यजमान आणि दीर मिळून शर्यतीच्या गाड्यांची इंजिनं बांधायचे. यजमानांचा जीव सुपरचार्जरवर. तो इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरतो आणि पाय दाबताक्षणी हवा कोंबतो. दिराचा जीव टर्बोवर. तो बाहेर पडणाऱ्या धुरावर फिरतो, इंजिनाची ताकद फारशी खात नाही, पण जोर यायला क्षणभर उशीर होतो.

"तुझा टर्बो म्हणजे रुसलेला जावई," हे म्हणायचे. "बोलावलं की आलो आलो, आणि येतो वळण संपल्यावर."

"आणि दादा, तुझा सुपरचार्जर घरचंच खातो आणि वर घरावरच उपकार करतो."

एका शर्यतीत दिराच्या गाडीने यजमानांच्या गाडीला शेवटच्या सरळ टप्प्यात मागे टाकलं, आणि थट्टा संपली. त्या संध्याकाळी यजमानांनी पाना उचलून दिराच्या तोंडावर हाणला. दोन दात फरशीवर पडले. दिराने त्यांना इंजिनावर आपटून बरगडी मोडली. मी मध्ये पडले. माझ्या कपाळावरचा व्रण तेव्हाचा आहे. तो कुणाच्या हातचा, हे दोघांनाही सांगता आलं नाही.

त्याच आठवड्यात मी जेवताना टर्बोचं पुस्तक मोठ्याने वाचत होते. इंजिन जोरात पळवल्यावर लगेच बंद करू नये, दोन मिनिटं हळू चालू ठेवावं. नाहीतर टर्बोतलं तेल तिथेच जळून त्याचा कोळसा होतो, आणि पुढे दांडा कोरडा फिरून तुटतो.

"परत वाच," हे म्हणाले. मी परत वाचलं.

पुढचे तीन आठवडे, दीर चाचणी आटोपून, इंजिन हळू चालू ठेवून हात धुवायला गेला की हे आत जायचे आणि तत्क्षणी किल्ली फिरवायचे. टर्बो तेव्हा लाल तापलेला असायचा. दीर मोरीवरूनच विचारायचा, "दादा, झाली का दोन मिनिटं?"

"झाली."

मी हे खिडकीतून रोज पाहिलं. मला वाटलं, टर्बो मोडेल, दिराची जिरेल आणि घरात शांतता येईल.

चौथ्या आठवड्यात, चाचणी ऐन भरात असताना टर्बोचा दांडा तुटला आणि चाक फुटलं. तो मोडताना बघायला मिळावा म्हणून हे सगळ्यांत जवळ उभे होते. चाकाचा तुकडा बिडाचं कवच फोडून त्यांच्या गळ्यात घुसला. दिराने दोन्ही हातांनी गळा दाबून धरला. रक्त त्याच्या कोपरांवरून गळत होतं, आणि तो "दादा, इकडे बघ, दादा," म्हणत होता. हे बघत नव्हते.

मग त्यानेच दावा साधला असं समजून कारखान्यातल्या माणसांनी दिराला लाथाबुक्क्यांनी तुडवलं. थोरल्या मिस्त्रीने त्याचा उजवा पंजा टेबलावरच्या वाइसच्या लोखंडी जबड्यात आवळला आणि हातोड्याने तीन बोटं ठेचली. दिराने सुटायची धडपडही केली नाही. दोष आपलाच, हे त्याला स्वतःलाच पटलं होतं. "माझ्याच हातचं मशीन, वहिनी," तो मला म्हणाला. मी दारात उभी होते. एका वाक्याचं काम होतं. मी वळले आणि घरात गेले.

आज तो परगावी डाव्या हाताने पंक्चर काढतो.

४. फुटलेला टर्बो माझ्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात आहे. मी तो स्वतः उघडून पाहिला. तेलाच्या वाटेत कोळसा दाटला आहे. तोही दिरालाच द्यावा. माझ्या शब्दावर विसंबायची त्याला गरज पडू नये.

५. यजमानांवर माझी माया होती, आजही आहे. त्यांचा फोटो उतरवू नये. वडिलांविषयी काय वाटून घ्यायचं ते मुलीने ठरवावं, पण काकाला खुनी म्हणणं बंद.

६. बाकी सगळं माझ्या मागे. तिसरं कलम मात्र माझ्या मरणाची वाट पाहणार नाही. त्याची नक्कल उद्याच्या टपालाने दिराला जाईल.

ठिकाण: कारखान्यामागचं राहतं घर
दिनांक: १२ मार्च २०१९, मंगळवार
लिहून देणारीची सही

साक्षीदार १: डॉक्टर, सही
साक्षीदार २: थोरला मिस्त्री, सही

खालची नोंद साक्षीदारांसमोर केली आहे. मिस्त्री न वाचता सही करायला निघाला होता; मी त्याला सगळं वाचायला लावलं. तिसऱ्या कलमाशी तो थांबला.

"बाई, हे खोटं आहे म्हणा."

मी म्हटलं नाही. तो बाहेर जाऊन नळाखाली डोकं धरून बसला. बऱ्याच वेळाने ओल्या डोक्यानेच आला, उरलेलं वाचलं, सही केली.

"टपाल कशाला?" तो म्हणाला. "मला पत्ता द्या."

पत्ता दिला आहे.