उजव्या बाजूचं चित्र

४ फेब्रुवारी

चि. चिमणीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

फोनवर 'हॉस्पिटल' हा शब्द ऐकला की तू फोन आपटतेस, म्हणून हे पत्र. कागद खुशाल आपट, अक्षरं जागची हलणार नाहीत.

सोबतच्या खोक्यातलं यंत्र माझं आहे. माझ्या छातीची उजवी बाजू काढून टाकली त्याला आता काही वर्षं झाली. उरलेल्या डावीवर लक्ष ठेवायला हॉस्पिटलने हे दिलंय. नवीनच निघालंय, अजून त्याची पारख चालू आहे. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोकं असलेली मऊ पट्टी लोहचुंबकाने ब्राला चिकटते, आणि काड्यापेटीएवढी डबी एका भोकातून दुसऱ्या भोकात सरकवत न्यायची. गरोदर बाईच्या पोटातलं बाळ दाखवतात तीच सोनोग्राफी, फक्त आपल्या घरात, आपल्या खुर्चीवर बसून.

माझं म्हणणं एवढंच, एकदा लावून बघ. दुखलं तर मी तपासणीचा विषय पुन्हा जन्मात काढणार नाही. चित्रं माझ्या मोबाइलवरूनच पुढे जातात आणि मोबाइल इथे माझ्याजवळ आहे, तेव्हा तुझं कोणाला काही दिसायचं नाही. तुझे भाऊजी कुरकुरत होते, की यंत्र दुसऱ्या कोणाला देऊ नका असं बजावलं होतं. मी त्यांना शिट्टी वाजवून गप्प केलं. मी शाळेतून निवृत्त झाले तरी खेळाच्या बाईंची शिट्टी अजून गळ्यात आहे.

आई गेली तेव्हा जेवढी होती, तेवढी तू आता झालीस. आणि आजवर एकदाही तपासून घेतलं नाहीस. मला भीती वाटते, चिमणे. सरळच लिहिते.

उत्तर धाड. रागाचं असलं तरी चालेल.
तुझी,
ताई


११ फेब्रुवारी

ति. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

यंत्र परत धाडलंय. दुखलं नाही. झालं समाधान? पण दुखलं नाही तर मी त्या इमारतीत पाऊल टाकीन, असं कुठे ठरलं होतं?

स्वयंपाकघरात खुर्ची घेऊन बसले. खोक्यातला तो चिकट मलम लावला, तर अंगावर काटा आला, एवढा गार. तू फक्त डाव्या बाजूचं लिहिलं होतंस. पण अर्धवट काम मला जमत नाही हे तुला ठाऊक आहे, म्हणून डबीवरचं डावी-उजवीचं बटण फिरवून दोन्हीकडे लावलं. तेवढ्यात माझ्याकडे गाडी शिकणारे बँकेतले साहेब वेळेआधी हजर. दारात हॉर्न वाजवत बसले. मी आतूनच ओरडले की तोवर गाडी मागे घ्यायचा सराव करा. त्यांनी तो केला, आणि माझ्या कुंडीचा चेंदामेंदा झाला. तुझ्या यंत्राचा हा पहिला बळी.

आता माझंही सरळ ऐक. आईच्या वेळी डॉक्टर बाहेर आले आणि बाबांना नि काकांना कोपऱ्यात घेऊन गेले. आईला सांगितलं, साधी सूज आहे. ती बिचारी शेवटपर्यंत विचारत राहिली, की सूज उतरत का नाही. मी तिथे कॉरिडॉरमधल्या बाकावर बसले होते, ताई. मी सगळं ऐकलं आणि मला तोंड बंद ठेवायला सांगितलं गेलं. तेव्हाच ठरवलं, माझ्या अंगाचा निकाल माझ्या पाठीमागे कोणी लावायचा नाही. लोक विचारतात, बाईमाणसाने ड्रायव्हिंग स्कूल कसं काढलं. शिकवणाऱ्याच्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो, म्हणून काढलं.

तेव्हा हा विषय संपला. तुझी डावी जप. माझ्यावरची माया मात्र कमी करू नकोस.
तुझी,
चिमणी


२० फेब्रुवारी

चि. चिमणीस,
अ. उ. आ. वि. वि.

हे पत्र उभ्याने वाचू नकोस. आधी बस.

फोन केला, तू आपटलास. म्हणून कुरियरने पाठवते आहे. सोमवारी हॉस्पिटलमधून बोलावणं आलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, की तुमच्या उजव्या बाजूला काहीतरी नवीन दिसतंय. मी विचारलं, कुठली उजवी? माझ्या उजवीकडे कापूस आहे. त्यांनी फाइल पाहिली, मला पाहिलं, पुन्हा फाइल पाहिली. मग त्यांना वाटलं की माझ्याकडून चुकीचं बटण दाबलं गेलं असेल. डावी बाजू उलटीपालटी तपासली. स्वच्छ निघाली. नर्स हसायला लागली, मीही हसले. आणि हसता हसता मला तुझ्या पत्रातलं आठवलं, की तू दोन्हीकडे लावलंस. मी डॉक्टरीणबाईंना तिथेच सगळं सांगून टाकलं.

चित्रं त्या डबीतच साठून राहिली होती. यंत्र परत आल्यावर मी माझ्या तपासणीसाठी लावलं, तशी सगळी एकदम माझ्या नावावर गेली. मला हे ठाऊक नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी माझी चांगली हजेरी घेतली, आणि ती रास्तच होती. तुझं तुझ्या परवानगीशिवाय उघडं पडलं, हा माझा गुन्हा. त्याबद्दल तू मला हवं ते बोल, पण पुढचं वाच.

ती गाठ तुझी आहे, चिमणे. उजवीकडे, काखेच्या बाजूला. कसली आहे ते अजून कोणालाच माहीत नाही. पुष्कळ गाठी निरुपद्रवी निघतात, असं त्या म्हणाल्या. हिचा आकार त्यांना आवडला नाही, असंही म्हणाल्या. सुईने तुकडा काढून बघावा लागेल. मला जे सांगितलं ते सगळं इथे लिहिलंय, एक अक्षर मागे ठेवलेलं नाही.

तुझे भाऊजी बाहेर बाकावर होते. काय झालं म्हणून दहादा विचारलं. मी सांगितलं नाही. आपल्या घरात या वेळी तरी, ज्या बाईचं दुखणं आहे तिलाच आधी कळायला हवं होतं. भाऊजी रुसलेत. रुसू देत.

लवकर कळव.
तुझीच,
ताई


२३ फेब्रुवारी

ति. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

बसून वाचलं. मग उठले आणि तुला यथेच्छ शिव्या घातल्या. त्या इथे लिहीत नाही, वरती तुला नमस्कार घातलाय. मग बँकेतल्या साहेबांना शिकवायला गेले. त्यांनी लाल दिव्यात गाडी पुढे रेटली आणि मी असा ब्रेक मारला, की ते गाडीतून उतरून माझी माफी मागायला लागले. मला रडू येत होतं आणि त्यांना वाटलं ते कुंडीमुळे.

मला भीती वाटते, ताई. गाठीची वाटते, आणि त्या कॉरिडॉरची त्याहून जास्त. पण तुझं पत्र चारदा वाचलं. लपवलेलं काही सापडलं नाही. आईला कोणी असं एक पत्र लिहिलं असतं तर ती लढली असती की नाही, ठाऊक नाही. निदान लढायचं की नाही हे तिने ठरवलं असतं.

येते मी. माझ्या गाडीने, मीच चालवत. जे बोलायचं ते माझ्या तोंडावर बोलायचं, मी खोलीत नसताना एक शब्द नाही. कुठे सही करायची, काय कापायचं, काय ठेवायचं, ते मी विचारून मी ठरवणार. तू ये, पण मागच्या सीटवर बसायचं आणि मला शिकवायचं नाही. कबूल असेल तर शुक्रवारची वेळ घे.

भाऊजींना सांग आता. बिचारे.
तुझी,
चिमणी


९ मार्च

ति. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

काल हॉस्पिटलमधून तुला घरी सोडलं तेव्हा गाडीत आपण दोघी ट्रॅफिकबद्दलच बोलत राहिलो. म्हणून आता लिहिते.

मोठे सर्जन आले आणि सुईने काढलेल्या तुकड्याचा रिपोर्ट हातात घेऊन थेट भाऊजींकडे बघून बोलायला लागले, तेव्हा माझा पाय आपोआप जमिनीवर दाबला गेला. मी त्यांना म्हटलं की पेशंट इकडे आहे. ते थांबले. भाऊजी स्वतः उठले, आपली खुर्ची मला दिली आणि बाहेर गेले. त्या माणसाशी मी आता जन्मभर नीट वागणार आहे. सर्जननेही खुर्ची वळवली, आणि कॅन्सर आहे, लहान आहे, काखेत पसरलेला दिसत नाही, असं सगळं माझ्या डोळ्यांत बघून सांगितलं. मी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर दिलं. ऑपरेशन बुधवारी. दिवस मी निवडला, कारण मंगळवारी साहेबांची लायसन्सची परीक्षा आहे आणि त्यांना मी अर्ध्यावर सोडणार नाही.

तू ठरल्याप्रमाणे मागेच बसलीस. शिट्टी मात्र दातांत घट्ट धरली होतीस. मी बघत होते.

घरी आल्यावर आईच्या फोटोसमोर उभी राहिले. तिला तिच्या आजाराचं नाव सांगितलं, चांगलं मोठ्याने, शेजारी ऐकतील असं. इतक्या वर्षांत तिला ते कोणीच सांगितलं नव्हतं. मग तिला माझ्या आजाराचं नाव सांगितलं. आणि म्हटलं, आई, मला वेळेवर कळलंय.

बुधवारी ये. शिट्टी विसरू नकोस.
तुझी,
चिमणी