कढीपत्त्याखालचं खोकं

बुधवार, दिवेलागण

वंदना, शेजारीण असलीस तरी मी सांगते तेवढंच लिही गं, शहाणपणा घालू नको. एरवी माझी ही रोजची वही नात सोनल लिहायची. ती आज सकाळी गेली. रसायनीला उसाच्या चोथ्याची खोकी करणारी कंपनी हाय, तिनं एका संस्थेला हाताशी धरून गावातली पोरं पुण्याला शिकायला नेली. फुकटात. चांगलंच झालं. झालं ना?

जाताना सोनलनं त्या कंपनीचं एक खोकं माझ्या हातात दिलं. "आजी, हे पुरून ठेव. याची माती होईस्तवर मी आलेच."

"आणि माझीच आधी झाली तर गं?"

"तू काय कंपनीचा माल हायस? तू नाय इतक्यात कुजत!" हसत टेंपोत चढली.

खोकं कढीपत्त्याखाली पुरलं. मघाशी उकरून बघितलं, तसंच कडक. मग तांब्याभर पाणी ओतलं, वर शेण घातलं.

वंदना म्हणते, "आजी, खोकं लवकर कुजलं म्हणून सोनल लवकर यायची नाय."

मला कळत नाय होय? पण संध्याकाळी कुणाची तरी चौकशी करायला लागते माणसाला. उद्या परत उकरणार.