दारामागची सावली

४ मार्च, सोमवार
नोकरीचा पहिला दिवस एकदम झकास! खिडकीजवळचं टेबल, मोठा स्क्रीन. बिल्डर रिकाम्या घरांचे फोटो पाठवतात, ते आपण उजळायचे. कोपऱ्यातला अंधार कमी करायचा, खिडकीतून ऊन आल्यासारखं दाखवायचं. कोंदट खोलीही हसरी दिसली पाहिजे, असं सर म्हणाले. शेजारच्या टेबलावरच्या ताई मात्र नमस्कार केला तरी तोंड वर करेनात. घरी आल्यावर आत्याला काम समजावलं, तर म्हणाली, म्हणजे लोकांना ऊन विकता, आणि तेही खोटं!

६ मार्च, बुधवार
एका बेडरूमच्या फोटोत दारामागचा काळोख उजळला आणि भिंतीवर माणसाची सावली निघाली. उंच, मान खाली घातलेली. खोलीत माणूस नाही. फोटोग्राफरला फोन केला. तो खेकसला, घराला कुलूप होतं, आत मी एकटाच होतो आणि मी बुटका आहे. मग शेजारच्या कोऱ्या भिंतीचा तुकडा उचलून सावलीवर बसवला. बेमालूम! स्वतःवरच खूश झाले.

८ मार्च, शुक्रवार
दुसऱ्याच इमारतीचा जिना. तीच सावली. पुसली. मग एका स्वयंपाकघरात, ओट्याशी. तीही पुसली. दर फोटोत ती कॅमेऱ्याच्या जवळ सरकतेय. ताईंना दाखवायला बोलावलं. त्यांनी स्क्रीनकडे पाहिलंसुद्धा नाही. फक्त विचारलं, "पुसलीस?" हो म्हटल्यावर खुर्ची उचलून पार पलीकडच्या टोकाला जाऊन बसल्या.

११ मार्च, सोमवार
सरांना गाठलं. ते माझ्या तोंडाकडे नाही, पायांकडे बघत होते. म्हणाले, उजळायला सांगितलं होतं, पुसायला कुणी सांगितलं? घरातून हाकललीस, आता ती कुठे जाणार? उद्यापासून येऊ नकोस. माझी पिशवी बाहेर भिरकावली, दार लावून घेतलं.
रस्त्यावर ऊन होतं. समोरून येणारी बाई दचकून बाजूला झाली. मी खाली पाहिलं. माझ्या पायांपासून दोन सावल्या निघाल्या होत्या.

१२ मार्च
जेवण वाढताना आत्या थबकली. बरोबर कोण आलंय, म्हणाली. मग भिंतीकडे पाहिलं. ताट तसंच टाकून बाहेर गेली आणि बाहेरून कडी घातली. माझी सख्खी आत्या! दारापलीकडे रडतेय, पण कडी काढत नाही—

१३ मार्च
भर दुपार. पडदे लावले, तर सगळ्या खोलीत तीच. उघडले— भिंतीवर मी बसलेली, लिहितेय. मागे ती, माझ्यावर वाकलेली. वळून पाहिलं. कुणी नाही.
भिंतीवर तिचे हात माझ्या गळ्याशी—
आत्या, दार—
भिंतीवरची मी टेबलावर कोसळली. मी अजून ताठ बसलेय. अजून लिहि