समोरची नळी

सात रस्ता, सोलापूर
१२ फेब्रुवारी २०२५

ती. आईस,

ऋतुजाचा नमस्कार. आप्पांचे गुडघे कसे हायेत? तीन वर्षांनी पत्र आलं म्हणून घाबरू नगंस. मी जिवंत हाय, त्याच स्किन क्लिनिकात कामाला हाय.

हितं बायकांचं रगत काढून मशिनीत गरागरा फिरवतात. वर पिवळं पाणी येतं, ते त्यांच्याच चेहऱ्यावर सुईनं टोचतात. कातडी तजेलदार होते म्हणं. मशिनीत रगताच्या नळीसमोर तेवढ्याच वजनाची पाण्याची नळी लावायची, न्हायतर मशीन थडथडतं.

दिवाळीनंतर काशम्मा आली. अक्कलकोटकडची, सत्तरीची, मागंपुढं कुणी न्हाय. बधिर करायची क्रीम लावून पाऊण तास बसवतात, तेवढ्यात तिनं मला सगळं विचारून घेतलं. आपलं घर, दारातला शेवगा, तुझी दम्याची गोळी. मला तरी बोलायला कोण होतं? सांगत सुटले.

नेमकी त्या दिवशी पाण्याची नळी फुटली. डॉक्टर आतनं ओरडायला लागले. मी बावळटासारखं माझंच रगत काढून समोर लावलं. वजन बरोबर जुळलं बघ! माझ्या नळीला चिकटपट्टी लावली होती, पण घाईत तीच आत दिली. कळलं तवा टोचून झालं होतं. नोकरी जाईल म्हणून गप बसले.

महिन्यानं काशम्मा आली ती डाव्या गालाला खळी घेऊन. माझी खळी, आई! मी आरशात हसून बघितलं, तर माझा गाल सपाट.

पुढच्या खेपेला तिचे केस काळेभोर. काउंटरवरची पोरगी तिला म्हणाली, "ऋतुजा, आज सुट्टी की तुझी?" आणि मला म्हणाली, "आजी, नंबर लावला का?" मी आधी लई हसले. मग हातांकडं बघितलं.

परवा दुपारी तुला फोन आला होता. "राँग नंबर हाय, आजी," म्हणून तू ठेवलास. ती मीच होते गं.

काल काशम्मानं माझ्याच आवाजात विचारलं, "करमाळ्याची दुपारची एसटी मिळते का गं?" आणि खळी पाडून हसली. म्हणून हे पत्र सकाळच्या गाडीच्या कंडक्टरकडं देते.

ती येईल. तुझ्या गळ्यात पडेल. शेवग्याचं विचारशील, तर तेबी सांगेल. पण घर सोडताना उंबऱ्यावर मी तुला काय बोलले, ते मी तिला सांगितलं न्हाय. लाज वाटली. तिला तेवढंच विचार.

तिच्या मागनं एक म्हातारी येईल. तिलाबी विचार. ती म्हणेल, "मरेन पण तुला तोंड दाखवणार न्हाय, असं बोलले होते." आई, मी चुकले. लई चुकले. तिला आत घे.

वाचलं की पत्र चुलीत घाल. पण आधी अक्षर नीट बघ. तेवढं अजून माझंच हाय.

तुझी, तुझीच
ऋतुजा