बांधातली वाट

पेणकरपाडा,
१४ मे २००६

ती. सौ. ताईस,
गुणवंतचा सा. न. वि. वि.

फोनवर बोलायचं तर आई कान देऊन असते, म्हणून पत्र. गेल्या जुलैत डोंगराचं पाणी घरात छातीपर्यंत आलं, तेव्हापासून तू आईला देवरुखला पाठव म्हणतेस. पण बाबांनी बांधलेलं घर तिला सोडवत नाही. म्हणून आम्ही चाळीतल्या लोकांनी वरच्या मोकळ्या जागेत मातीचा बांध घातलाय. पाणी तिथे अडेल आणि पाइपातून हळूहळू नाल्यात जाईल. रविवारभर माती वाहायची, सोमवारी ऑफिसात मान वर होत नाही. यंदा बांध टिकला तर आई इथेच राहील. एवढं मान्य कर.

माया आहेच, ती अशीच राहू दे.
तुझा गुणवंत

देवरुख,
२ जून २००६

चि. गुणवंत यास,
अनेक आशीर्वाद.

लहानपणी अंगण झाडायला सांगितलं की तुझं पोट दुखायचं, आणि आता साहेब धरण बांधतायत! बरं, मान्य. पण घरात पाणी शिरलं तर आईला इकडे आणायचं, तेव्हा तिचं काही ऐकायचं नाही. तिच्या प्रेशरच्या गोळ्या चुकवू नकोस, आणि स्वतःही वेळेवर जेव.

आठवण ठेव.
तुझी नीलमताई

पेणकरपाडा,
१६ सप्टेंबर २००६

ती. सौ. ताईस,
सा. न.

जुलै-ऑगस्टात बांधाने पाणी रोखलं. माझ्या मुलाने बांधलाय, असं आई येईल त्याला सांगायची. मागे तळं साचलं, म्हणून चाळीच्या गणपती मंडळाने विसर्जन तिथेच करायचं ठरवलं. मूर्ती मोठी, बांध निसरडा. मधोमध वरची माती खणून वाट करू म्हणाले. मी हात जोडून नको म्हणत होतो. आईच मध्ये पडली, देवाच्या वाटेत आडवा येऊ नकोस म्हणाली. मग मी बाजूला झालो आणि त्यांनी खणलं.

विसर्जनानंतर ती खाच भुसभुशीत मातीने बुजवली, चोपून कोणी बसवली नाही. परवाच्या पावसात बांध तिथेच फुटला. शेजारच्या काशीनाथने आईला पाठीवर घेऊन वरच्या माळ्यावर नेलं, म्हणून वाचली. घराची मागची भिंत गेली. आईवर रागावताही येत नाही गं. स्वतःच गुपचूप कपडे भरतेय.

उद्या तिला घेऊन निघतोय. तिकडे तिच्यासमोर बोलता येणार नाही, म्हणून हे पत्र तुझ्या हातात देईन. बांध पुन्हा घालशील ना, म्हणजे दिवाळीनंतर परत येईन, असं तिने सकाळी विचारलं. मी हो म्हणालो. पुढच्या रविवारी लोक माती टाकायला जमणार आहेत, मलाही निरोप आलाय. मी जाणार नाही, ताई. फार थकलो. हे तिला कळू देऊ नकोस.

तुझा गुणवंत