किलोमागे नऊ

ता. ६ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला, कारण मी घराचं वजन करत होतो.

चेष्टा नाही. ही तिकडच्या इस्पितळात मेट्रन म्हणून रुजू झाली त्याला येत्या दहा तारखेला दोन महिने होतील. जाताना दोन बॅगा घेतल्या आणि म्हणाली, की बाकीचं घर आणि तुम्ही मागून या. क्रम तिचाच आहे, घर आधी.

अंतर नऊशे किलोमीटर. खर्चाचा अंदाज बांधल्याशिवाय हलायचं नाही असं मी ठरवलं. समोरचा शिंपी गेल्या वर्षी गाव सोडून साधारण तेवढ्याच अंतरावर गेला, त्याला पत्र टाकून विचारलं. त्याचं साधारण दोन टन सामान, ट्रकचं भाडं अठरा हजार. म्हणजे किलोमागे नऊ. दर हाती आल्यावर पुढचं काम माझ्याच धंद्यातलं. सव्वीस वर्षं लोकांचे वजनकाटे दुरुस्त करतोय, कधी नव्हे तो स्वतःला उपयोग झाला.

दुकानातला मोठा काटा घरी आणला आणि एकेक वस्तू चढवली. कपाट रिकामं एकसष्ट किलो, भरलेलं एकशे अठरा. म्हणजे आम्ही दोघं सत्तावन्न किलो कपडे बाळगून आहोत. त्यातले चारेक किलो मी वापरतो. मीही काट्यावर उभा राहिलो, पण तो आकडा यादीत धरला नाही. मी रेल्वेनं जाणार.

एकूण १,४१२ किलो, खर्च १२,७०८. अकरा पानं सोबत आहेत. तू जन्मभर गणित शिकवलंस, जरा लाल शाई चालव.

लोभ आहे तेवढाच ठेव. वाढवलास तर तोही काट्यावर चढवावा लागेल.

तुझा,
धाकटा

ता. १३ जानेवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

अकरा पानं तपासली. तीन चुका. पान चारवर हातचा विसरलास, तो तू तिसरीपासून विसरतोस. पान सातवर एकच पातेलं दोनदा आलंय. पान नऊवरची बेरीज कशी केलीस हे मी विचारणार नाही. गंमत म्हणजे तिन्ही चुकांनी एकमेकींना खाऊन टाकलं आणि उत्तर बरोबर आलं. माझ्या एकाही विद्यार्थ्याला परीक्षेत असं नशीब मिळालं नाही. दर काढण्याची रीत चोख. तिथे पूर्ण गुण दिलेत.

मला हे काम दिलंस ते बरं केलंस. निवृत्त झाल्यापासून मी वाण्याची बिलं तपासत होते, तर हल्ली तो मला बघितलं की आतल्या खोलीत जातो.

पण अकरा पानांत एक आकडा कुठेच नाही. निघायची तारीख. मेट्रनची पत्रं मला येतात. तुझ्याबद्दल ती काही विचारत नाही, म्हणून मी विचारते.

खोकला कसा आहे? यादीत त्याचा उल्लेख नाही, पण तो तुझ्याबरोबर येणार.

जपून राहा, एवढंच मागणं.

तुझी,
ताई

ता. २९ जानेवारी

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार, आणि पूर्ण गुणांबद्दल आणखी एक.

तारीख अजून ठरली नाही, कारण दुसरा अंदाज चालू होता. चौदा पानं. पहिल्यात मी सगळंच नेणार होतो. मग प्रत्येक वस्तूसमोर लिहिलं, की ही न्यायला किती पडतील आणि तिकडे नवी घ्यायला किती. त्यात माझंच दुकान उघडं पडलं. वीस किलोची अकरा लोखंडी वजनं, म्हणजे दोनशे वीस. लहान वजनांची पेटी नऊ. ऐरण अडतीस. काम घट्ट धरून ठेवणारा शेगडा चौदा. एकूण दोनशे एक्क्याऐंशी किलो, भाडं अडीच हजारांवर. आणि तिकडे मला ओळखतं कोण? कोण काटा घेऊन येणार आहे?

विकून टाकलं. बाजारातल्या दुसऱ्या काटेवाल्याला. गेली वीस वर्षं मी त्याला दीडशहाणा म्हणतो हे तुला माहीत आहे. तो हातगाडी आणि स्वतःचा काटा घेऊन आला आणि माझं प्रत्येक वजन त्यावर तोलून पाहू लागला. वीस किलोचं प्रत्येक वजन पाऊण किलो कमी भरलं. तो माझ्याकडे बघायला लागला. मी त्याचा काटा उघडला, दुरुस्त करून दिला, फुकट, आणि मग त्याला वजनं विकली. ती उचलल्यावर खालची फळी सावकाश वर आली. इतकी वर्षं ती वाकलेली होती हे मला ठाऊकच नव्हतं.

दीड किलोचा हातोडाही देऊन टाकला. कपाट-पलंग सोडले तर आता राहिलंय ते सगळं हलकं. वेताच्या चार खुर्च्या, वेताचाच सोफा, सात उशा, पत्र्याचे एकोणतीस रिकामे डबे, एक पिंजरा. पक्षी कधीच नव्हता. पिंजरा आठशे ग्रॅम, म्हणजे सात रुपयांच्या आत बसतो. ठेवला.

नवा आकडा १०,१६५ रुपये पन्नास पैसे. शाबासकी पाठव, तिला वजन नसतं.

तुझा,
धाकटा

ता. ५ फेब्रुवारी

ती. वन्सं,
सा. न. वि. वि.

रात्रपाळी संपवून लिहिते आहे, अक्षराकडे बघू नका.

ह्यांची दुसरी चौदा पानं मलाही आली. उशा कशा बांधायच्या याची आकृतीही आहे. पत्रात माझी चौकशी एका ओळीत आहे आणि पिंजऱ्याची तीन ओळींत.

मी इथे स्टेशनजवळ दोन खोल्या बघून ठेवल्या आहेत. खिडकी मोठी आहे, खाली बेकरी आहे, जिना जरा अरुंद. घरमालक महिनाअखेरपर्यंत थांबतो म्हणाला. इस्पितळातही मला एक खोली मिळू शकते, एकटीसाठी, फुकट. एक पलंग, एक टेबल, नळ बाहेर. हो किंवा नाही हे मला अठ्ठावीस तारखेला कळवायचं आहे. मी रोज शंभर खाटांची व्यवस्था लावते, पण ही एक कुठे लावायची ते मला कळत नाही.

मी त्यांच्यावर जबरदस्ती करणार नाही. दुकान त्यांचं आहे, सव्वीस वर्षांचं. माझ्या बढतीसाठी ते सोडायला मी कधी सांगितलं नाही, आणि सोडू नका असंही म्हटलं नाही. तिथेच चुकलं असेल. पण यायचं नसेल तर तसं लिहावं. चौदा पानांत एक ओळ मावली असती. वजनं विकली हे वाचून मला आनंद व्हायला हवा होता. भीतीच वाटली.

आणखी एक, सहज. तो ट्रकवाला घर बघून गेला का? आमच्या इथल्या परिचारिकेचं सामान आलं तेव्हा माणूस आधी येऊन टेप लावून गेला होता, असं ती म्हणत होती.

तुमचं गुडघ्याचं दुखणं कळवा. औषध चालू ठेवा, हे मेट्रन म्हणून सांगते. बाकी सगळं घरची म्हणून.

तुमच्या भावाची (अजून) बायको

ता. ९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
आशीर्वाद नेहमीचेच, राग नवा.

मेट्रनचं पत्र आलं. अठ्ठावीस तारखेला तिला सांगायचंय, की दोन खोल्या घेणार की एक. दोन म्हणजे तू आहेस. एक म्हणजे नाहीस. इतकं सोपं गणित मी पहिलीलासुद्धा घातलं नव्हतं.

तुला पैशाची काळजी नाही. तुला तिथे मेट्रनचा नवरा म्हणून राहायची भीती वाटते. हे मी लाल शाईनं लिहिते आहे, म्हणजे खोडता येणार नाही. भीती वाटावी, त्यात काही वाईट नाही. मी निवृत्त झाले त्या सोमवारी सकाळी तयार होऊन, डबा भरून, दारापर्यंत गेले होते. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही.

दुसरं. ट्रकवाला घर बघायला आला होता का? ते लोक टेप घेऊन येतात म्हणे. टेप कशाला, ते मला कळेना. आणि मग कळलं, तेव्हा मी पाणी प्यायले. मी तुझा प्रत्येक गुणाकार तपासला. दर कशावर, हे तू विचारलं नाहीस आणि मीही नाही. तू सगळं जग किलोत बघतोस आणि मी फक्त उत्तर बरोबर आहे की नाही ते बघते. ते पूर्ण गुण परत घेते आहे. थोडे माझेही कापते.

त्या माणसाला आजच बोलाव.

तुझ्या पत्राची नव्हे, तारखेची वाट बघणारी,
ताई

ता. १८ फेब्रुवारी

ती. ताईस,
दंडवत. खालीच बसलोय, तेव्हा सोयीचं आहे.

ट्रकवाल्याचा माणूस काल आला. खिशातून टेप काढली. मी चौदा पानं पुढे केली, ती त्यानं अदबीनं टेबलावर ठेवली आणि सोफ्याची लांबी घेतली. भाडं जागेवर असतं, ताई. वजन कुणी विचारत नाही. वेताचा सोफा, चार खुर्च्या, एकोणतीस डबे आणि पिंजरा मिळून अर्धा ट्रक भरतो. लहान ट्रक पुरणार नाही, मोठा लागेल. साडेसोळा हजार. समोरचा शिंपी सगळं कापडाच्या गठ्ठ्यांत दाबून घेऊन गेला होता.

जाताना तो म्हणाला, की सामान फार हलकं आहे, वाटेत हिंदकळेल. तळाशी ठेवायला काही जड नाही का? लोखंड वगैरे? पलंगाखाली मावेल असं? त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. मी त्याला चहा विचारला. आणखी काय करणार.

संध्याकाळी सोनार आला, काटा काखेत घेऊन. वर्षातून दोनदा येतो. मला त्याला सांगावं लागलं, की तपासायला माझ्याकडे वजनं नाहीत. तो हसला, त्याला गंमत वाटली. मग त्यानं रिकामी फळी बघितली. काटा घेऊन समोरच्या बाजूला गेला, दीडशहाण्याकडे. मी दारात उभा होतो आणि मला कळलं, की मी इथून कधीच गेलोय. राहायचं म्हटलं तरी इथे करायला काही उरलेलं नाही. तिथेही नसेल. पण तिथे निदान ती आहे.

तू लाल शाईत लिहिलंस ते बरोबर आहे. तिला आजच लिहिलं. चौदा पानं नाहीत, एक ओळ. दोन खोल्या घे, सत्तावीसला निघतो.

सोफा देऊन टाकला. पिंजरासुद्धा. ट्रक आता लहान पुरेल.

माया असू दे, जागा कितीही लागली तरी.

तुझा,
धाकटा

ता. २० मार्च

ती. ताईस,
नव्या पत्त्यावरून पहिला नमस्कार.

पोचलो. सामान तिसऱ्या दिवशी आलं, हिंदकळून. खोकी उघडायला हिनं हातोडा मागितला, तर मी तो किलोमागे नऊ या हिशेबात देऊन टाकलेला. मग तिनंच खालच्या बेकरीतून बत्ता मागून आणला, परत द्यायला मी गेलो. तो बेकरीवाला आता मला ओळखतो, बत्तेवाले म्हणून.

पहिले दोन आठवडे मी दळण, भाजी आणि वीजबिल यांत मन रमवलं. मन रमलं नाही. ही घरी यायची तेव्हा मी तयार असायचो, म्हणजे दाराशी उभा असायचो. तिनं एकदा सांगितलं, की मला दमून आल्यावर दारात रखवालदार नको, नवरा हवा.

मागच्या सोमवारी ती जरा उदास होती. प्रसूतीच्या वॉर्डात हल्ली बरीच बाळं कमी वजनाची भरताहेत. अडीच किलोच्या खाली भरलं की बाळ आईपासून काढून वेगळ्या खोलीत ठेवतात. डॉक्टर आयांच्या खाण्याला दोष देतात. मी सहज विचारलं, की काटा कुणी बघितला का. ती म्हणाली, की उद्या इस्पितळात या.

गेलो. वजनं नव्हती. औषधं बनवणाऱ्या बाईंकडून मापाचं भांडं घेतलं, पातळशी पिशवी घेतली, आधी रिकाम्या पिशवीसकट काटा शून्यावर आणला आणि दोन लिटर पाणी मोजून ओतलं. दोन किलो भरायला हवं होतं. एक किलो नऊशे साठ. पुन्हा केलं. तेच. पारडं काढलं. खाली कापसाचा एक बोळा दबून बसला होता, चपटा, बिस्किटासारखा, त्यावर टेकून पारडं पूर्ण खाली जातच नव्हतं. तो चिमटीत धरून मी हिला दाखवला. शंभर खाटा सांभाळणारी बाई, तिनं तिथल्या तिथे वेगळी ठेवलेली बाळं आणायला सांगितली.

मग वेगळ्या खोलीतली पाच बाळं एकेक करून पुन्हा काट्यावर ठेवली. तीन खरंच लहान होती. दोन अडीचच्या वर निघाली आणि तिथल्या तिथे आयांकडे गेली. तर ताई, मंगळवारपासून या शहरातली मुलं जन्मतःच चाळीस ग्रॅमनं जड आहेत. असं श्रेय मला घेता येतं का ते तपासून कळव.

त्यातल्या एका आईनं मला बोलावून घेतलं. डॉक्टरसाहेब, तुमचे फार उपकार झाले, म्हणाली. ही शेजारीच उभी होती, तिनं फक्त बाळाचं दुपटं सारखं केलं. मीही ती चूक दुरुस्त केली नाही.

तुझा,
धाकटा